विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प: प्रश्न निवडण्यापासून परीक्षकांसमोर उभं राहण्यापर्यंत

दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच शाळेत तालुका विज्ञान प्रदर्शनाचं पत्र येऊन पडतं. तारीख जवळ आलेली असते. विज्ञानाचे सर किंवा बाई दोन हुशार मुलं निवडतात आणि प्रयोगशाळेच्या माळ्यावरून एखादं जुनं मॉडेल खाली येतं. त्याला नवा रंग लागतो, नवा पुठ्ठा लागतो आणि मुलांकडून चार मिनिटांचं भाषण पाठ करून घेतलं जातं. प्रदर्शनाच्या सभागृहात मग ओळखीचे चेहरे भेटतात: इंजेक्शनच्या सिरिंजांचा जेसीबी, खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी, ठिबक सिंचनाचं शेत, दिवे लागणारं आदर्श गाव.

ही मॉडेलं वाईट नाहीत. सिरिंजच्या जेसीबीत पास्कलचा नियम (बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो) स्वच्छ दिसतो आणि तो हाताने चालवून पाहण्यात खरा आनंद आहे. माझी अडचण वेगळी आहे. त्या टेबलामागे उभ्या असलेल्या मुलीला काहीच शोधून काढावं लागलेलं नसतं. उत्तर तिला मॉडेल बनवण्याआधीच माहीत असतं. विज्ञान शिकण्याचा जो गाभा आहे, म्हणजे आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट मोजून ठरवणं, तो तिच्या वाट्याला येतच नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: मुलांनी प्रदर्शनात असा एक प्रश्न न्यावा, ज्याचं उत्तर मोजमाप होईपर्यंत त्यांना, आणि शक्य असेल तर त्यांच्या शिक्षकांनाही, माहीत नव्हतं.

हे करायचं कसं, ते एका साध्या उदाहरणाच्या आधाराने पुढे सविस्तर सांगतो. उदाहरण आहे पाण्याच्या मडक्याचं. सहावीपासून दहावीपर्यंत कुठल्याही वर्गाला ते झेपतं, खर्च बेताचा आहे आणि खोली हवी तितकी आहे.

आधी मैदान ओळखून घ्या

आपल्याकडे शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी प्रदर्शन चढत जातं. शेवटची पायरी एनसीईआरटीच्या, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या, राष्ट्रीय प्रदर्शनाची. राष्ट्रीय पातळीवर ही परंपरा १९७१ पासून चालू आहे. दर वर्षी एक मुख्य विषय आणि त्याखाली काही उपविषय जाहीर होतात. शेती, आरोग्य, ऊर्जा, पाणी, पर्यावरण, वाहतूक, गणित हे फिरून फिरून येतात, त्यामुळे चांगला प्रश्न हाती असेल तर तो कुठल्या ना कुठल्या उपविषयात बसतोच. विषयासाठी प्रश्न शोधत बसू नका.

गुण कशाला मिळतात हे बहुतेक मुलांना कोणी सांगतच नाही. एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचनांत विभागणी अशी असते: मुलांची स्वतःची सर्जनशीलता आणि कल्पकता २० टक्के, नावीन्य १५, वैज्ञानिक विचार आणि तत्त्व १५, तांत्रिक कौशल्य आणि कारागिरी १५, समाजाला किंवा शिक्षणाला उपयोग १५, कमी खर्च, टिकाऊपणा, ने-आण करण्याची सोय १०, आणि सादरीकरण १०. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. ज्या भाषणाच्या घोकंपट्टीत आपण पूर्ण आठवडा घालवतो, त्याला फार तर १० टक्के.

प्रदर्शनाशिवाय आणखी तीन वाटा आहेत आणि प्रश्न घेऊन काम करणाऱ्या मुलांना त्या जास्त मानवतात. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून भरते. १० ते १७ वयाची मुलं आपल्या परिसरातल्या प्रश्नाचा अभ्यास करून अहवाल मांडतात आणि तिथे रोजची नोंदवही पाहिली जाते. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेने मुलांच्या कल्पना पाठवायच्या असतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये जमा होतात. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृती संशोधनाचा प्रकल्प करावा लागतो. एकदा नीट केलेलं काम या सगळ्या ठिकाणी उपयोगी पडतं.

पहिली पायरी: जूनमध्ये सुरुवात

प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत असतं, म्हणून काम नोव्हेंबरमध्ये सुरू करायचं, हा हिशेब प्रकल्पाला मारतो. निसर्ग आपल्या वेळापत्रकाने चालत नाही. मडक्याचा प्रयोग डिसेंबरच्या थंडीत किंवा जुलैच्या दमट हवेत केला तर फरक इतका कमी मिळेल की मुलं हिरमुसतील. तो करायचा एप्रिल-मेमध्ये, नाहीतर निदान ऑक्टोबरच्या उन्हात. डासांच्या अळ्या, पाणी मुरणं, गांडुळं हे पावसाळ्याचे विषय. धुकं, दव, दही लागायला लागणारा वेळ हे थंडीचे.

जून-जुलैत प्रश्न जमवा, ऑगस्टमध्ये छोटी चाचणी घ्या, ऑक्टोबरमध्ये मुख्य मोजमाप करा, दिवाळीनंतर आलेख आणि फलक. उन्हाळ्याचे विषय असतील तर आधीच्या मे महिन्यात मोजून ठेवा. सुट्टीत मामाच्या गावी केलेली मोजमापंही चालतात, नोंद नीट असली की झालं.

दुसरी पायरी: प्रश्न

वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा आणि मुलांना महिनाभर त्यावर प्रश्न लिहू द्या. खोडू नका, हसू नका. त्यात “आकाश निळं का” हेही येईल आणि “आजीचं मडकं आमच्या मडक्यापेक्षा गार का” हेही येईल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आहे. दुसऱ्याचं कुठेच लिहिलेलं नाही. प्रकल्प दुसऱ्यात दडलेला आहे.

पण तो अजून मोजता येण्याजोगा झालेला नाही. तीन गोष्टी विचारून तो घासून घ्यायचा. आपण काय बदलणार? काय मोजणार? बाकीचं काय सारखं ठेवणार? “मडक्यात पाणी गार का होतं” याचं रूपांतर मग असं होतं: “मडक्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून होणारं बाष्पीभवन थांबवलं, तर आतल्या पाण्याच्या तापमानात किती फरक पडतो?” आता बदलायचं आहे बाष्पीभवन, मोजायचं आहे तापमान आणि सारखं ठेवायचं आहे मडकं, पाणी, जागा, झाकण, वेळ.

इथे मुलं म्हणतील, “सर, बाष्पीभवनाने गार होतं हे तर पुस्तकात आहे.” आहे. पण किती, हे नाही. तुमच्या गावात, तुमच्या कुंभाराच्या मडक्यात, तुमच्या हवेत किती, हे तर कुठेच नाही. “का” वरून “किती” वर आलं की ओळखीच्या धड्यातूनही नवा प्रश्न निघतो. हे वळण मुलांना एकदा जमलं की त्यांच्यासाठी विज्ञानाचं पुस्तक वेगळंच उघडतं, आणि माझ्या मते प्रदर्शनाचा सर्वांत मोठा शैक्षणिक लाभ हाच आहे.

मडकं नको असेल तर असे आणखी प्रश्न घ्या. बोअरचं, विहिरीचं आणि पावसाचं पाणी: ठराविक साबणाच्या द्रावणाचे किती थेंब टाकल्यावर टिकणारा फेस येतो? यातून पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात क्षार किती आहेत, हे कळतं. मराठवाड्यातल्या बोअरच्या गावांत हा घरोघरचा प्रश्न आहे. शाळेचं मैदान, बाग आणि गाडीरस्ता: जमिनीत खोचलेल्या पाइपच्या तुकड्यातलं एक लिटर पाणी मुरायला किती वेळ लागतो? मटकीला मोड: गरम पाण्यात भिजवली आणि साध्या पाण्यात भिजवली, तर २४ तासांनी १०० दाण्यांपैकी किती दाण्यांना मोड दिसतो? महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आपल्या गावात तो दिवस कोणता, हे सावली मोजून ठरवता येतं. खर्च शून्य.

तिसरी पायरी: प्रयोगाची आखणी

बहुतेक शाळांत हा प्रयोग करायचा म्हटलं की एक मडकं आणि एक स्टीलचा हंडा शेजारी ठेवतात. मडक्यातलं पाणी गार निघतं आणि निष्कर्ष लिहून टाकतात. पण मडकं आणि हंडा यांत फरक फक्त पाझरण्याचा नाही. धातू आणि माती वेगळी, जाडी वेगळी, आकार वेगळा. यांपैकी नेमका कशाने फरक पडला, हे सांगता येत नाही.

यावर उपाय सुंदर आहे. एकाच कुंभाराकडून, एकाच भट्टीतली, एकाच मापाची दोन मडकी आणा. दोन्ही एक दिवस पाण्यात भिजवा, मग पूर्ण वाळवा. त्यातल्या एकाला बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात द्या आणि चार-पाच दिवस वाळू द्या. आता दोन्ही मडकी मातीचीच आहेत, पण एकाची छिद्रं बुजली आहेत. फरक फक्त एका गोष्टीचा उरला. रंगवलेल्या मडक्यातलं पाणी कोणी प्यायचं नाही, हे त्यावरच मोठ्या अक्षरात लिहा.

एखादी चौकस मुलगी विचारेल, “रंगामुळेच ऊन जास्त शोषलं गेलं असेल तर?” हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला गटाची प्रमुख करा. उत्तर: विटकरी रंगच निवडा आणि दोन्ही मडकी दिवसभर सावलीत ठेवा. दुसरी शंका जागेची. पडवीच्या एका कोपऱ्यात वारा जास्त असू शकतो, म्हणून रोज मडक्यांच्या जागा अदलाबदल करा. तिसरी शंका अशी की रंगाने खरंच पाझर थांबला का? हे गृहीत धरू नका, तपासा. दोन्ही मडक्यांचं वजन सकाळी आणि संध्याकाळी करा. रंगवलेल्याचं वजन जवळपास तेवढंच राहिलं पाहिजे. बाहेरून वर्तमानपत्राचा तुकडा दाबून पाहा, तो कोरडा राहायला हवा. वजन कमी होत असेल किंवा कागद ओला होत असेल तर रंगाचा तिसरा हात द्या.

मुख्य प्रयोगाआधी एक दिवस सगळं करून पाहा. कुठलं माप हाताला जमत नाही, कोण शाळेच्या तासात अडकतं, काटा किती डगमगतो, हे त्या दिवशी कळतं.

चौथी पायरी: साधनं

डॉक्टरी थर्मामीटर चालणार नाही. तो साधारण ३५ ते ४२ अंशांतच वाचतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला ० ते ११० अंशांचा काचेचा थर्मामीटर घ्या. पाऱ्याचा असेल तर शिक्षक हजर असतानाच वापरा. फुटला तर पारा हाताने गोळा करायचा नाही. लाल द्रवाचा असेल तर जास्त बरं. दोन थर्मामीटर वापरणार असाल तर आधी दोन्ही एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवा. त्यांत एका अंशाचा फरक दिसला तर तो वहीत लिहा आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून दुरुस्त करा. शाळेतल्या थर्मामीटरचं लघुतम माप, म्हणजे दोन खुणांमधलं अंतर, बहुधा १ अंश असतं, म्हणून “२६.३७ अंश” असं कुठेही लिहायचं नाही. अर्ध्या अंशापर्यंत अंदाज ठीक.

वजनासाठी स्वयंपाकघरातला १० किलोपर्यंतचा डिजिटल काटा मिळाला तर उत्तम. ५ लिटर पाणी आणि मडकं मिळून सात-आठ किलो भरतं. काटा नसेल तर गावातल्या किराणा दुकानदाराकडे सकाळ-संध्याकाळ मडकी घेऊन जायची तयारी ठेवू नका, पाणी सांडेल. काटाच शाळेत मागून आणा.

हवेतली आर्द्रता मोजायला महागडं यंत्र नको. एका थर्मामीटरच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. तापमान उतरत उतरत एका जागी थांबतं. हे झालं ओल्या फुग्याचं तापमान. हवा तशीच राहिली तर सावलीतलं मडकं याच्याखाली जाऊ शकत नाही. निसर्गाने घालून दिलेली ती सीमा आहे. या एका वाचनाने प्रकल्प शालेय पातळीवरून एकदम वर जातो. चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमधलं अंतर मोठं असतं, रत्नागिरीच्या दमट हवेत लहान. मडकं विदर्भात जास्त इमानाने का काम करतं, याचं उत्तर त्या अंतरात आहे. कोकणातली एक शाळा आणि विदर्भातली एक शाळा यांनी ठरवून एकाच आठवड्यात हा प्रयोग केला आणि आकडे फोनवर एकमेकांना कळवले, तर तो प्रकल्प पाहायला मी लांबून येईन.

पाचवी पायरी: नोंदवही

नोंदवही शिवलेली हवी, सुटे कागद नकोत. पेनाने लिहा. चुकलेला आकडा एका रेघेने काटा, म्हणजे खालचा वाचता येईल, आणि शेजारी कारण लिहा. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, आकाश कसं होतं, वारा होता का, वाचन कोणी घेतलं. तासातासाला तीन तापमानं: सावलीतली हवा, साधं मडकं, रंगवलेलं मडकं. पाणी वाचनाआधी हलकेच ढवळा, थर्मामीटर दर वेळी तेवढ्याच खोलीवर बुडवा, बाहेर न काढता डोळ्यासमोर धरून वाचा.

निदान पाच दिवस मोजा. एकाच दिवसाच्या आकड्यावर निष्कर्ष काढणारा प्रकल्प कितीही सजवला तरी पोकळच. तिसऱ्या दिवशी ढग आले आणि फरक कमी पडला, तर ते पान फाडू नका. उलट, सगळ्या वहीत तेच सर्वांत बोलकं पान ठरेल, कारण ओल्या फुग्याचं तापमान त्या दिवशी काय होतं हे मुलं उलटून पाहतील आणि संबंध त्यांना स्वतःला सापडेल.

वही नीटनेटकी करण्यासाठी दुसऱ्या वहीत उतरवून काढायला सांगणारे पालक भेटतात. मुळीच करू नका. पाण्याचे डाग पडलेली मूळ वहीच टेबलावर ठेवा. अनुभवी परीक्षक आधी तीच उघडतात.

सहावी पायरी: आकड्यांशी बोलणं

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान. तीन रेषा, तीन रंगांत. संगणकाने काढलेला आलेख देखणा दिसतो, पण पहिला आलेख हातानेच काढू द्या. बिंदू मांडताना मुलांना चुकलेलं वाचन आपोआप दिसतं.

मग दोन मडक्यांतला फरक रोज किती होता ते काढा. समजा दुपारी ३ वाजताचे पाच दिवसांचे फरक ४, ५, ४.५, ५.५ आणि ३ अंश आले. सरासरी ४.४. पण केवळ सरासरी सांगून थांबू नका; सर्वांत कमी ३ आणि सर्वांत जास्त ५.५ हेही सांगा, आणि पाचही दिवस साधं मडकंच गार होतं हे सांगा. थर्मामीटरची चूक अर्ध्या-एक अंशाची, आणि फरक त्याच्या कितीतरी पट. म्हणजे फरक खरा आहे. नववी-दहावीच्या मुलांना एवढं संख्याशास्त्र पुरेसं आहे.

यापुढची पायरी दहावीच्या मुलांसाठी, आणि माझ्या मते हा या प्रकल्पाचा सर्वांत गोड भाग आहे. समजा सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळात साध्या मडक्याचं वजन १५० ग्रॅमने कमी झालं. हे १५० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं. पुस्तकातला बाष्पनाचा अप्रकट उष्मा, म्हणजे पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता, ग्रॅमला ५४० कॅलरी, पण तो १०० अंशांवरचा. तिशीच्या आसपासच्या तापमानाला तो साधारण ५८० भरतो. म्हणजे १५० × ५८० = ८७,००० कॅलरी उष्णता गेली. ५ लिटर म्हणजे ५,००० ग्रॅम पाणी, आणि एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार होताना एक कॅलरी जाते. ८७,००० भागिले ५,०००, म्हणजे पाणी १७ अंशांहून जास्त गार व्हायला हवं होतं!

थर्मामीटर मात्र चार-पाच अंशांचाच फरक दाखवतो. उरलेली उष्णता कुठे गेली? मुलांना हा प्रश्न देऊन दोन दिवस तसंच सोडा. उत्तर त्यांना सापडतं: मडकं एकीकडून उष्णता घालवत असताना भोवतालची तापलेली हवा दुसरीकडून ती सतत आत ढकलत असते. पाणी जितकं गार, तितका हा शिरकाव जास्त. शेवटी घालवणं आणि शिरणं यांची बरोबरी होते आणि तापमान थांबतं. जाता जाता मडक्याच्या मातीलाही गार व्हावं लागतं, हेही कोणीतरी सांगेल. ज्या मुलाने हा हिशेब एकदा स्वतः मांडला, त्याला “उष्णतेची देवाणघेवाण” हा धडा पुन्हा शिकवावा लागत नाही.

आणि अपेक्षेच्या उलट निकाल आला तर? तो तसाच मांडा. फरक पडला नाही हेही उत्तरच आहे, मोजमाप भक्कम असेल तर.

सातवी पायरी: फलक

फलक साधा ठेवा. थर्माकोल टाळा, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आलीच आहे, आणि पुठ्ठा त्याहून टिकतो. वर प्रश्न, मोठ्या अक्षरांत, प्रश्नचिन्हासकट. डावीकडे काय केलं, मधे आलेख, उजवीकडे काय सापडलं आणि काय अजून कळलेलं नाही. हा शेवटचा भाग कोणी ठेवत नाही, तुम्ही ठेवा. अक्षर दोन हातांवरून वाचता आलं पाहिजे. देवनागरीत सुवाच्य हाताने लिहिलेलं छापील फ्लेक्सपेक्षा कमी ठरत नाही, आणि मुलांनी स्वतः केल्याची खूण म्हणून जास्तच ठरतं.

टेबलावर दोन्ही मडकी, काटा, थर्मामीटर, मूळ वही. येणाऱ्याला दोन्ही मडक्यांना हात लावू द्या.

सुरक्षेचं थोडक्यात: उघड्या तारा आणि घरच्या विजेवर चालणारी हातची जोडणी नको, सेल किंवा बॅटरी वापरा. आम्ल सभागृहात नेऊ नका. बुरशीचा प्रयोग असेल तर पाव बंद पारदर्शक पिशवीत, पिशवी कधीच उघडायची नाही. प्राण्यांना इजा होईल असं काही नाही. लोकांची पाहणी केली असेल तर फलकावर कोणाचं नाव नको.

आठवी पायरी: परीक्षकांसमोर

भाषण पाठ करू नका. चार वाक्यं मात्र पक्की असू द्या: आम्हाला काय जाणून घ्यायचं होतं, आम्ही काय बदललं आणि काय मोजलं, काय सापडलं, त्यावरून काय वाटतं. एवढं बोलून थांबायचं आणि समोरच्याला विचारू द्यायचं.

चांगले परीक्षक जे विचारतात ते बहुधा असं असतं. हा आकडा कसा आला, वहीत दाखव. हे मडकं का रंगवलं? पुन्हा केलंत तर काय बदलाल? यातलं कोणतं काम तू स्वतः केलंस? याची तयारी पाठांतराने होत नाही. शाळेत शेजारच्या वर्गातली मुलं बोलवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. पाचवीची मुलं सर्वांत कठीण प्रश्न विचारतात. गटातल्या प्रत्येकाला प्रत्येक भाग सांगता यावा. एक मुलगी बोलते आणि तीन मुलं मडकी धरून उभी, असं चित्र दिसलं की परीक्षकांना सगळं कळतं.

उत्तर माहीत नसेल तर “हे आम्ही मोजलेलं नाही” असं सांगायला मुलांना शिकवा. या वाक्याने गुण जात नाहीत. इंग्रजी शब्द पेरायची गरज नाही. ज्या भाषेत प्रयोग केला त्याच भाषेत सांगावं, मग ती घरची अहिराणी असो वा मालवणी.

मोठ्यांनी कुठे थांबायचं

करवत, ड्रिल, गरम भांडं, वीज: इथे मोठ्यांचा हात हवाच. साहित्य मिळवून देणं, वेळेची आठवण करणं, कुंभाराकडे घेऊन जाणं हेही मोठ्यांचं काम. प्रश्न निवडणं, वाचन घेणं, आलेख काढणं, निष्कर्ष लिहिणं हे मुलांचं. निष्कर्षातलं वाक्य अडखळतं असेल तर राहू द्या.

बाजारात तयार मॉडेलं मिळतात आणि पैसे देऊन बनवूनही मिळतात. असं मॉडेल हाती देऊन आपण मुलाला काय शिकवतो, याचा पालकांनी शांतपणे विचार करावा. बक्षीस मिळालं तर नुकसान आणखी मोठं, कारण शेजारच्या टेबलावर पाच दिवस उन्हाळ्यात तासातासाला वाचनं घेतलेली मुलगी ते पाहत असते.

शिक्षकांसाठी एक युक्ती: मुलांनी “सर, आता काय करू?” विचारलं की उलट विचारा, “तुला काय वाटतं, आणि ते कसं तपासशील?” सुरुवातीला मुलं वैतागतात. ऑगस्ट उजाडेपर्यंत विचारणं थांबतं.

शाळेने प्रदर्शन भरवताना

शाळेच्या पातळीवर सगळं आपल्या हातात असतं, तरी आपण तालुक्याची छोटी नक्कल भरवतो. थोडं बदला. एका परीक्षकाला ४० प्रकल्प आणि दोन तास दिले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३ मिनिटं येतात. त्यात सजावटीशिवाय काही दिसूच शकत नाही. परीक्षकांच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीला १२ प्रकल्प द्या, म्हणजे त्याच दोन तासांत दर प्रकल्पाला १० मिनिटं मिळतात. परीक्षक म्हणून गावातले कृषी सहायक, आरोग्यसेविका, वायरमन, माजी विद्यार्थी बोलवा. प्रत्येक गटाला लेखी शेरा मिळावा: एक गोष्ट जी आवडली, एक गोष्ट जी पुढे करता येईल. क्रमांक तीन गटांना मिळतो, शेरा सगळ्यांना मिळतो.

मुलांना एकमेकांचे प्रकल्प पाहायला राखीव तास ठेवा. नाहीतर दिवसभर आपापल्या टेबलाला खिळलेली मुलं शेजारी काय होतं हे न बघताच घरी जातात. संध्याकाळी गावाला बोलवा. मडक्याच्या टेबलावर कुंभारकाका आले तर मातीत राख किंवा भुसा मिसळल्याने छिद्रं कशी वाढतात हे ते सांगतील आणि पुढच्या वर्षीचा प्रश्न तिथेच मिळेल.

प्रदर्शन झाल्यावर

तालुक्याला निवड होवो न होवो, काम तिथे टाकू नका. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये याच दिवशी रामन परिणामाचा शोध जाहीर केला आणि १९८७ पासून आपण तो साजरा करतो. त्या दिवशी शाळेतले सगळे गट पुन्हा मांडणी करू शकतात, या वेळी स्पर्धेविना आणि परीक्षकांच्या शेऱ्यांनुसार सुधारणा करून. अडलेल्या गटांना विचारायला जागाही आहेत: पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका, मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद, पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम.

नोंदवह्या मुलांना घरी देण्याआधी त्यांच्या प्रती काढून शाळेच्या ग्रंथालयात ठेवा, पाठीवर प्रश्न आणि वर्ष लिहून. पुढच्या वर्षीचा गट शून्यापासून सुरू करणार नाही. त्यांच्या हातात पाच दिवसांची मोजमापं आधीच असतील आणि ते पुढचं विचारतील: मडक्याखाली ओली वाळू ठेवली तर? ओलं फडकं गुंडाळलं तर? बोअरच्या जड पाण्याने दोन वर्षांत छिद्रं क्षारांनी बुजलेलं जुनं मडकं नव्याच्या मानाने किती अंश मागे पडतं? ते जुनं मडकं आत्ताच कोणाच्या तरी घरून मागून ठेवा आणि त्यावर तारीख घाला.